मांडव, भोंगा आणि रहिवासी : ठाणे-नवी मुंबईचं एक प्रकरण

मुंबई उच्च न्यायालयात २०१० मध्ये १७३ क्रमांकाची एक जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्ते होते ठाण्याचे डॉ. महेश विजय बेडेकर. सणासुदीला भर रस्त्यात मांडव पडतात, फुटपाथ गायब होतात, ध्वनिवर्धकांना ना वेळेचं बंधन राहतं ना आवाजाचं, आणि रुग्णालयांभोवतीची शांतता क्षेत्रं पाटीपुरती उरतात, असं त्यांचं म्हणणं. पुढे नवी मुंबईचे संतोष पाचलग हेही न्यायालयात गेले. माहितीच्या अधिकारात त्यांना मिळालेल्या उत्तरानुसार शहरातल्या ४९ मशिदींपैकी ४५ मशिदींकडे भोंग्याची परवानगीच नव्हती.

नाक्यावरच्या चर्चेत या दोघांना विरुद्ध बाकांवर बसवून लोक मोकळे झाले असते. एक हिंदू सणांच्या मागे लागलेला, दुसरा मशिदींच्या. न्यायालयाने या याचिका आणि याच विषयावरच्या आणखी काही याचिका एकत्र ऐकल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली. योगायोग असा की न्या. ओक स्वतः ठाणेकर. त्यांची वकिली १९८३ मध्ये ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात सुरू झाली होती. ज्या रस्त्यांबद्दल वाद चालला होता, ते त्यांना नकाशात शोधावे लागले नसतील.

धर्मनिरपेक्षता आपल्याकडे प्रत्यक्षात कशी चालते आणि कुठे अडते, हे समजून घ्यायला राज्यघटनेच्या सरनाम्यापेक्षा हे प्रकरण जास्त उपयोगाचं आहे, असं माझं मत आहे. या निकालाने दोन धर्मांना तराजूत घातलं नाही, रहिवाशाला पुढे बसवलं. कोर्टाच्या पायऱ्या उतरल्याबरोबर मात्र सरकार, पक्ष, पोलीस आणि आपण सगळ्यांनीच त्याला पुन्हा धर्मांच्या जमाखर्चात ओढलं. हे कसं घडलं, ते जरा तपशिलात बघू.

जागा

ठाण्याचा टेंभी नाका डोळ्यांसमोर आणा. आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला नवरात्रोत्सव अख्ख्या जिल्ह्यात माहीत आहे. त्याच नाक्यावर बेने इस्रायली या ज्यू समाजाचं १८७९ चं शार हाशमायिम हे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, आणि त्यातली प्रार्थना हिब्रूत होत असली तरी बाहेरच्या गप्पा पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच झाल्या. समोर सिव्हिल हॉस्पिटलची जुनी जागा, थोडं पुढे कोर्ट नाका. तलावपाळीकडे वळलात तर कोपिनेश्वराचं देऊळ आणि सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. देवी, सिनेगॉग, चर्च, रुग्णालय, न्यायालय हे सगळं पायी काही मिनिटांच्या अंतरात. पुढाऱ्यांनी नगरविकासाचा आराखडा करायच्या आधीच हे शहर इतकं दाटीने वसलेलं होतं.

आता त्यावर गोविंदाचा दिवस ठेवा. लाखांची बक्षिसं, क्रेन, पडदे, आवाजाच्या भिंती. २०१२ मध्ये जय जवान गोविंदा पथकाने १३.३४ मीटर उंच मनोरा रचून गिनीज बुकात नाव नोंदवलं ते ठाण्यातच. त्या दिवशी ठाण्याला अभिमान वाटला होता, आणि मला त्यात खोटं काही दिसत नाही. पण त्याच दिवशी प्रसूतीसाठी रिक्षाने निघालेल्या बाईला किती वळसा पडला असेल, हा प्रश्नही खोटा नाही. याचिका नेमकी या दुसऱ्या प्रश्नातून आली.

नवी मुंबईचं चित्र वेगळं. सिडकोने आखलेलं शहर, सेक्टर, नोड, रुंद रस्ते. देवळाला, मशिदीला, चर्चला भूखंडसुद्धा सिडकोकडून मिळवायचा. जुन्या शहरात धर्मस्थळ आधी आणि रहिवासी नंतर, असं म्हणायची सोय असते. इथे दोघेही एकाच सुमाराला आले. ‘आमचं पूर्वापार आहे’ हा युक्तिवाद इथे तितकासा चालत नाही, आणि परवानगीच्या कागदाला म्हणूनच जास्त वजन येतं.

कायदा, थोडक्यात

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा म्हणजे, २०१७ पर्यंतच्या नियमानुसार, शांतता क्षेत्र. लेखी परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावायचा नाही. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत तो बंद. धार्मिक वा सांस्कृतिक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण शांतता क्षेत्रात ती सूट चालत नाही. डेसिबलचं गणित सरळ नसतं, हेही सांगितलं पाहिजे. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. मंडळाचा कार्यकर्ता ‘थोडासाच जास्त आहे’ म्हणतो तेव्हा त्या ‘थोडाशा’चा अर्थ हा असतो.

रात्रीच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. त्या खटल्याला निमित्त झालेली बातमी आज फार थोड्यांना आठवते. एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारी लावलेल्या मोठ्या आवाजातल्या गाण्यांमुळे तिचा आक्रोश कुणाला ऐकूच गेला नाही. न्यायालयाने त्या निकालात सांगितलं की बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क येत नाही. त्याआधी २००० मध्ये चेन्नईच्या एका वसाहतीतल्या रहिवाशांनी तिथल्या चर्चच्या ढोल आणि ध्वनिवर्धकांविरुद्ध केलेल्या तक्रारीतही सर्वोच्च न्यायालयाने हाच सूर लावला होता: दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही. म्हणजे चेन्नईचं चर्च, नवी मुंबईची मशीद आणि ठाण्याचा मांडव अशी ही रांग आहे. ‘कायदा आमच्याच मागे लागतो’ असं वाटणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा नजरेखालून घालावी.

निकाल

ऑगस्ट २०१६ च्या निकालातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ बद्दलचं, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या हक्काबद्दलचं आहे. त्याचा आशय असा, की ध्वनिवर्धक वापरणं हा धर्माचरणाच्या किंवा धर्मप्रसाराच्या हक्काचा अत्यावश्यक भाग आहे, असं कोणताही धर्म वा पंथ म्हणू शकत नाही. वृत्तपत्रांनी हेच उचललं, वाहिन्यांनी हेच.

माझ्या मते निकालाचा जास्त मोलाचा भाग रस्त्याबद्दलचा आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. खंडपीठाने २०१५ पासूनच हे लावून धरलं होतं की चालण्याजोगा रस्ता आणि फुटपाथ मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि रस्ता अडवून मांडव घालण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही. पालिकेने परवानगी देताना भक्तांची भावना मोजायची नाही, चालणाऱ्याची वाट मोजायची. ही भूमिका वरवर नगरनियोजनाची वाटते. पण तिच्यात नागरिकत्वाची एक पूर्ण कल्पना दडलेली आहे. रस्ता हा कोणत्याही समाजाचा नसतो, तो ज्याला आत्ता चालायचं आहे त्याचा असतो. आणि तो चालणारा सकाळी मंडळाचा खजिनदार आणि रात्री दम्याच्या आईला घेऊन निघालेला मुलगा असू शकतो.

भोंग्याबद्दलच्या वाक्याशी माझा थोडा वाद आहे. अमुक गोष्ट धर्माला अत्यावश्यक आहे की नाही, हे ठरवायची सवय आपल्या न्यायालयांना १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून लागली. तिथे मूळ हेतू धर्मसंस्थांना संरक्षण देण्याचा होता. पुढे त्या कसोटीचं टोक उलटं फिरलं. १९५८ मध्ये बकरी ईदला गाईची कुर्बानी अनिवार्य आहे का, हे न्यायाधीश ठरवू लागले. डॉ. आंबेडकरांनी २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेला मुद्दा वेगळा होता. आपल्याकडे धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत आयुष्याचा प्रत्येक कोपरा व्यापतात, म्हणून धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरती आवळून धरली पाहिजे, असं ते सांगत होते. ‘हा विषय धर्माचा आहे की व्यवहाराचा?’ असा त्यांचा प्रश्न. ‘हा भाग त्या धर्मात किती महत्त्वाचा?’ असा प्रश्न त्यांनी न्यायाधीशांच्या हाती दिला नव्हता. त्याचं उत्तर द्यायला न्यायाधीशाला धर्मशास्त्री व्हावं लागतं.

इथे तर त्याची गरजच नव्हती. अनुच्छेद २५ ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून, अशी आहे. समजा उद्या एखाद्या पंथाने ग्रंथातला दाखला आणून सिद्ध केलं की मोठ्या आवाजाशिवाय आमची पूजा पूर्णच होत नाही, तरी शेजारच्या खोलीतल्या हृदयरोग्याची झोप त्या दाखल्याने रद्द होत नाही. आरोग्याचा आधार पुरेसा होता आणि तो सगळ्यांना समजेल असा होता. ‘अत्यावश्यक’ या कसोटीमुळे लोकांच्या मनात मात्र असं बसलं की न्यायालयाने आमच्या धर्माला काय लागतं आणि काय नाही ते ठरवलं. तक्रार आवाजाची होती, दुखणं अस्मितेचं झालं.

२०१७ : विघ्नहर्त्याच्या आदल्या दिवशी

निकाल लागला म्हणजे प्रकरण संपलं, असं आपल्याकडे कधी होत नाही. १० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियम बदलले. आता राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नव्हता. रुग्णालय जागेवरच होतं, रुग्ण खाटेवरच होते, शांतता तेवढी कागदावरून पुसली गेली. महाराष्ट्र सरकारने न्यायालयात सांगितलं की राज्यात आता एकही शांतता क्षेत्र उरलेलं नाही.

न्या. ओक यांच्या खंडपीठाला हे पटण्यासारखं नव्हतं. त्यावर राज्य सरकारने २४ ऑगस्टला थेट न्या. ओक यांच्यावरच पक्षपाताचा आरोप केला. त्या वर्षी गणेशचतुर्थी २५ ऑगस्टला होती. मुख्य न्यायमूर्ती मंजुळा चेल्लूर यांनी प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे दिलं, वकील संघटना खवळल्या, आणि दोन-तीन दिवसांत तो आदेश मागे घेऊन न्या. ओक, न्या. अनूप मोहता आणि न्या. रियाझ छागला यांचं पूर्णपीठ नेमावं लागलं. सरकारने आरोप मागे घेतला, माफी मागितली. १ सप्टेंबरला पूर्णपीठाने नव्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. ५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती.

तारखा मुद्दाम ओळीने दिल्या. त्यांच्याकडे नुसतं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. एका धर्माचं राज्य असावं असं त्या वेळी कुणी म्हणत नव्हतं. राज्ययंत्रणा मात्र पंचांग उघडून चालत होती. बहुसंख्याकांच्या सणाआधी सरकारला जी घाई सुटते ती कायद्यात कुठे लिहिलेली नसते, आणि म्हणूनच ती न्यायालयात सिद्धही करता येत नाही. मते तिथे आहेत, एवढं साधं कारण त्यामागे असतं. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर नगरसेवकाचा फोटो असतो, मांडवाच्या कमानीवर आमदाराचा. त्या कमानीखाली उभ्या राहिलेल्या हवालदाराने डेसिबल मोजायचं यंत्र बाहेर काढावं, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

२०२२ : हिशेब

१२ एप्रिल २०२२ ला राज ठाकरे यांची ठाण्यात सभा झाली. दहा दिवसांपूर्वी शिवाजी पार्कवर गुढीपाडव्याच्या मेळाव्यात त्यांनी मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय काढला होता. ठाण्यात त्यांनी मुदत दिली: ३ मेपर्यंत भोंगे उतरवा, नाहीतर समोर हनुमान चालिसा लावू.

यातली अर्धी मागणी कायदेशीरच होती. विनापरवाना भोंगा बेकायदा आहे, हे नवी मुंबईच्या याचिकेत आधीच आलं होतं. पण मागणीची दुसरी बाजू तिला पूर्णपणे बदलून टाकते. तुमचा आवाज थांबला नाही तर आमचा वाढवू, यात झोपेचा विचारच नाही. आजाऱ्याला एका भोंग्याचा त्रास होत असेल तर दोन भोंग्यांनी तो दुप्पट होतो. या हिशेबात रहिवासी मोजला जात नाही, फक्त समाज मोजले जातात. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून रस्त्यावर महाआरत्या झाल्या, तेव्हाही गणित हेच होतं आणि त्याची किंमत शहराने रक्तात मोजली. त्याहून मागे १८९० च्या दशकात, सार्वजनिक गणेशोत्सव नुकता सुरू झालेला असताना, मशिदीवरून वाद्यं नेण्यावरून पुण्यात दंगल झाली होती. भांडण जुनंच आहे, विजेचा ध्वनिवर्धक तेवढा नंतर आला.

मे २०२२ मध्ये पुढे जे घडलं ते आंदोलकांनी बहुधा धरलेलं नव्हतं. रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी काटेकोरपणे पाळायची म्हटल्यावर पहाटेची अजान भोंग्याविना होऊ लागली, आणि शिर्डीची काकड आरतीही. शिर्डीतल्या मुस्लिम समाजानेच साईमंदिराचा ध्वनिवर्धक सुरू ठेवा अशी विनंती केली. ही बातमी वाचून अनेकांनी सद्भावाचं उदाहरण म्हणून ती पुढे पाठवली. मला त्यात दुसरंही काही दिसतं. कायदा सगळ्यांना सारखा लागला की कोणता समाज हरला हे सांगता येत नाही, आणि हरलेला सापडला नाही की आंदोलनातला रस ओसरतो.

सारखा कायदा, सारखा परिणाम?

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवून उपयोग नाही. नियम कागदावर निधर्मी आहे, पण त्याचा भार दोघांवर सारखा पडतो का? फजरची, म्हणजे पहाटेची, अजान आपल्या अक्षांशावर बहुतेक वर्षभर सकाळी सहाच्या आत येते. म्हणजे पाचांपैकी एक अजान जवळजवळ कायमची ध्वनिवर्धकाविना. ती असते दोन-तीन मिनिटांची, पण रोजची. मंडळाचा आवाज वर्षातून मोजके दिवस, पण तासन्‌तास. आणि १५ दिवसांची जी सूट आहे ती ‘मर्यादित काळाच्या’ सणांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली. महिनाभराच्या रमजानला ती बसतच नाही, दहा-अकरा दिवसांच्या गणपतीला छान बसते.

म्हणून नियमच पक्षपाती, असं मी म्हणणार नाही. झोप मोजायची तर रोज पहाटे पाचला मोडलेली झोप ही वर्षातल्या मोजक्या रात्रींपेक्षा जास्त आहे, हे मान्य केलं पाहिजे. आणि अजान ही काही भोंग्यावाचून अडून राहिलेली नाही. २०२५ मध्ये मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइलच्या अ‍ॅपवरून ती घरोघरी पोचवायला सुरुवात केली. कायद्याने अडवलं ते उपकरण, प्रार्थना अडली नाही. पण सूट हा नियमाचा भाग राज्याच्या मर्जीवर चालतो, आणि मर्जीतच कल दिसतो. जुलै २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून घोषित केलं. सण मोठा आहे, त्याच्या मागे स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास आहे, यात वाद नाही. प्रश्न असा की ज्या उत्सवाचं यजमानपद राज्याने स्वतःकडे घेतलं, त्या उत्सवाच्या मांडवाला राज्याचाच तहसीलदार नोटीस कशी देणार?

मंडळाची बाजू

हे सगळं वाचून मंडळाचे कार्यकर्ते चिडतील आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे. नौपाड्यातल्या किंवा कोपरीतल्या एखाद्या मुलाला विचारा की सभा कशी घ्यायची, हिशेब कसा लिहायचा, धर्मादाय आयुक्तांकडे काय दाखल करायचं, अग्निशमन दलाचा दाखला कुठे मिळतो, हे कुठे शिकलास. उत्तर शाळेचं नसेल, मंडळाचं असेल. नोकरीसाठी घाट चढून-उतरून ठाणे जिल्ह्यात आलेल्या हजारो घरांना शहराने पहिल्यांदा आपलं म्हटलं ते मांडवात. रक्तदान, वह्यावाटप, पुरात मदत हे सगळं तिथून झालं. राबोडी, मुंब्र्यात मशिदीच्या कमिटीने हेच काम केलं. म्हणजे लोकशाहीचा व्यवहार माणसं शिकतात त्यातल्या पुष्कळ जागा धर्माच्या अंगणातच आहेत, आणि धर्म घरात ठेवा, सार्वजनिक आयुष्य त्याच्याविना चालवा, असं सांगणारा माणूस या शहराला ओळखत नाही.

पण याच कारणाने मंडळाकडून जास्त अपेक्षा ठेवायला हवी. जो कार्यकर्ता पालिकेच्या प्रभाग समितीत जाऊन रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल नागरिक म्हणून भांडतो, तोच मांडवासाठी त्याच रस्त्यात खड्डे खणतो तेव्हा भक्त म्हणून सूट मागतो. दोन्ही वेळी तो प्रामाणिक असतो, हीच गंमत आहे. निकालाने त्याला भक्ती सोडायला सांगितलेलं नाही. भक्त म्हणून उभा असतानाही तू नागरिक आहेस, एवढंच सांगितलं. मंडळाच्या बैठकीत हा विषय ‘कोर्टाचं लफडं’ म्हणून येतो, वकिलाकडे सोपवला जातो आणि पुढचा विषय सुरू होतो: डीजे कुठला?

तक्रार करणारा

जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या दोन रहिवासी संघटनांच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं. या वेळी पोलिसांसाठी पायऱ्या आखून दिल्या: आधी समज, मग दंड, मग जप्ती आणि परवाना रद्द. शिवाय तक्रारदाराची ओळख विचारायची नाही, उघड करायची नाही.

या शेवटच्या सूचनेपाशी मी थबकतो. ती शहाणपणाची आहे यात शंका नाही. रात्री साडेअकराला पोलिसांना फोन करणाऱ्याचं नाव अर्ध्या तासात मांडवात पोचतं, हे ठाण्यात कुणाला माहीत नाही? फोन करणारा हिंदू असेल तर घरभेदी, मुसलमान असेल तर विचारायलाच नको. मोहल्ल्यातला कुणी मशिदीच्या भोंग्याबद्दल बोलला तर त्याला ‘त्यांच्या’ बाजूचा ठरवलं जातं. आपल्याच समाजाविरुद्ध साधी तक्रार करणं हे या दोन शहरांत सगळ्यात अवघड नागरी काम आहे. डॉ. बेडेकरांनी नाव लावून याचिका केली, तेव्हा त्यांच्याकडे शिक्षण, व्यवसाय आणि शहरातलं स्थान होतं. सावरकर नगरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या, नवजात बाळ घरात असलेल्या बाईकडे यातलं काय आहे? तिला निनावी फोनची सोय मिळाली हे चांगलं झालं. पण राज्यघटनेने दिलेला हक्क वापरायला नाव लपवावं लागतं, तिथे हक्क अजून निम्माच पोचलाय.

आणि निनावीपणाने आणखी एक गोष्ट हरवते. नाव नसलं की तक्रारदाराचा धर्मही दिसत नाही, हा फायदा. पण मंडळातल्याच एकाची आई त्रासली आहे, हेही मग मंडळाला कधी कळत नाही. सगळ्या तक्रारी ‘बाहेरच्यां’च्या वाटत राहतात. शांतता समितीच्या बैठकांना पोलीस ठाण्यात दोन्ही समाजांचे पुढारी बोलावले जातात, चहा-बिस्किटं होतात, सलोख्याचे फोटो निघतात. त्या बैठकीला रुग्णालयाच्या अधीक्षकांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना, सोसायटीच्या सेक्रेटरीला कोण बोलावतं? तिथे समाज बोलतात, रहिवाशाला खुर्चीच नसते. न्यायालयाने ज्याला मध्यभागी आणलं, त्याला पोलीस ठाण्याने पुन्हा बाहेर बसवलं.

पंधरा दिवसांची यादी

या प्रकरणातून एकच व्यवहार्य गोष्ट उचलायची झाली तर मी त्या १५ दिवसांच्या यादीकडे बोट दाखवीन. कोणत्या दिवशी रात्री १२ पर्यंत सूट, हे ठरवण्याचा अधिकार राज्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेला आहे. दरवर्षी यादी निघते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलाद, गणपतीतले काही दिवस, नवरात्रातले काही, नाताळ, एकतीस डिसेंबर, साधारण अशी. वर्तमानपत्रात एका कोपऱ्यात चार ओळी येतात आणि मंडळं त्या कापून ठेवतात.

कुणाचा आवाज किती काळ ऐकून घ्यायचा, हे जिल्ह्याच्या वतीने अधिकृतपणे ठरतं ते या एका कागदावर. घटनेतल्या धर्मनिरपेक्षतेची ठाणे जिल्ह्यापुरती वार्षिक आवृत्तीच म्हणा ना. ती बंद खोलीत ठरते. कोणत्या समाजाला किती दिवस, याचा तोल सांभाळला की काम झालं असं मानलं जातं. परीक्षांचे दिवस, रुग्णालयांचं म्हणणं, गेल्या वर्षी कोणत्या रात्री किती तक्रारी आल्या, हे त्यात कुठे दिसत नाही. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात, रिक्षाच्या भाड्यावर चर्चा होते. या यादीचा मसुदा जानेवारीआधी जाहीर करून त्यावर हरकती मागवायला आणि जिल्ह्यात दोन-तीन ठिकाणी सुनावणी घ्यायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. सुनावणीला मंडळाचा अध्यक्ष येईल, मशिदीचा विश्वस्त येईल, आणि चाळीतली ती बाई आली तर तिला सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने बोलता येतं की नाही, ते तिथेच कळेल.